गिरणीचं इंजिन

जहागीरदारांच्या दोन सीटच्या शर्यतीच्या मोटारीचं इंजिन फुटलं. मी दुसरं बसवलं. जुन्या लॉरीचं ते इंजिन प्लेगात ओस पडलेल्या एका गावात पिठाच्या गिरणीला लावलेलं होतं.

"तिथलं काहून आणलंस, भुजंग?" त्यांचे कारभारी किसनराव म्हणाले.

"तिथं आता दळायला कोण बसलंय?" मी म्हणालो.

गिरणी चालू झाल्याचं बायांना कळावं म्हणून इंजिनाच्या धुराच्या नळीवर एक डबा बांधलेला असायचा. त्याची पुकपुक ऐकून त्या दळण घेऊन निघायच्या. तो डबा मी तिथंच टाकून आलो होतो.

दुपारी मोटार चालवून बघायला निघालो. बायको गेल्यापासून माझ्या शेजारी बसणारं कुणी न्हाई. त्या गावाच्या शिवारात शिरलो आणि पुकपुक सुरू झाली.

मी इंजिन बंद केलं. पुकपुक थांबली न्हाई.

पडक्या घरांकडून बायांच्या बोलण्याचा आवाज जवळ येत गेला आणि मोटारीपाशी थांबला. रस्त्यावर कुणीच नव्हतं.

"एकट्या माणसाला एवढं पुरंल, दादा," कानाशी एक बाई म्हणाली.

शेजारच्या सीटवर ज्वारीच्या पिठाचा ढीग होता. मी हात लावला. पीठ अजून गरम होतं.