शेवटून पहिला

सतरा खुर्च्या, त्यातली एक लंगडी.

एक्स-रेचं मोठं पाकीट, गाडीच्या सीटखाली सरकवलेलं.

दोन गाड्या, आणि मध्ये मुद्दाम सोडलेली तिसऱ्या गाडीची जागा.

दोन गोलपोस्टना बांधलेली लाल रिबीन.

“ताई, याला सांग, गाडी जरा पुढे घे म्हणावं.”

“ताई, याला सांग, मैदान काही त्याच्या एकट्याचं नाही.”

ताई डबे उघडत होती. 

आईच्या आजारपणात कोण किती वेळा आलं, यावरून थोरल्याचं आणि धाकट्याचं फाटलं, त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून वाढदिवस वेगळे, सुट्ट्या वेगळ्या. सगळे एकत्र यायचे ते फक्त आजच्या दिवशी, बाबांची दोनशे किलोमीटरची सायकल शर्यत जिथं संपायची त्या मैदानावर. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. आदल्या दिवशी सायकल बसच्या टपावर टाकून ते एकटेच सुरुवातीच्या गावी जायचे आणि पहाटे पाचला निघायचे. दरवर्षी शेवटून पहिले. ते पोचायचे तोवर बाकीचे स्पर्धक घरी जाऊन, आंघोळ करून आडवे झालेले असायचे. त्यामुळे या शर्यतीचा मांडव घरच्यांनी कधी पाहिलाच नव्हता. पूर्वी निदान खुर्च्या नेणारा टेम्पो तरी दिसायचा. आता तोही नाही.

“लोक आवरायला फार चपळ झालेत हो,” थोरली सून म्हणाली.

धाकटा हसला नाही. तो इस्पितळात एक्स-रे काढायचा. बाबांच्या छातीचा फोटो गेल्या आठवड्यात त्यानंच काढला होता. डॉक्टरांनी तो बघितला काल. हृदयाच्या कडेवरून बोट फिरवून म्हणाले, वाढलंय, असले उद्योग आता बंद. तोवर बाबांची बस निघून गेली होती, आणि फोन उचलणं हे बाबांच्या रक्तातच नव्हतं.

“मी आज तोंडावर सांगणार,” तो ताईला म्हणाला. “ही शेवटची. फार तर चिडतील.”

“आधी पोटात दोन घास जाऊ देत त्यांच्या.”

“तू मध्ये पडू नकोस.”

“मी कधी पडले?” ताई म्हणाली आणि झाकण घट्ट लावू लागली.

सहाला पाच कमी असताना नातवंडं ओरडली, “आजोबा आले!” पाण्याच्या टाकीमागून सायकल आली. पाठीवरचा नंबर धुऊन धुऊन पुसट झालेला. रिबीन तुटली, टाळ्या झाल्या, आणि बाबा सायकलवरून उतरायच्या ऐवजी सायकलीसकट कलंडले.

दोन्ही मुलगे धावले. धाकट्याचा हात आधी बाबांच्या मनगटावर गेला.

“नाडी नको बघूस, पाय बघ,” बाबा कळवळले. “गोळा आलाय पोटरीत.”

थोरला गुडघ्यांवर बसला. त्यानं बूट ओढून काढला.

“तू टाच धर,” तो म्हणाला. “बोटं मी दाबतो.”

हे तो ताईला म्हणाला नव्हता.

“धरली,” धाकटा म्हणाला.

“घट्ट धर. लहानपणी तुला यायचे तेव्हा असंच करायचो. लाथा घालायचास तू.”

“तू गुदगुल्या करायचास, दादा.”

बाबा गवतावर उताणे पडून होते. गोळा उतरला तरी त्यांनी पाय मागे घेतला नाही. डोळे मिटून म्हणाले, “दुसऱ्याही पायात येतोय बहुतेक.”

थोरल्यानं दुसरा बूट काढला. दोघांची डोकी इतकी जवळ आली होती की थोरल्याच्या केसांतला रंग धाकट्याला मुळापाशी उडालेला दिसला. पाकीट आणायला उठायला हवं होतं. तो उठला नाही.

“काय रे, बोलणार होतास ना काही?” ताईनं विचारलं. तिनं चहाचा कप बाबांच्या उशाशी ठेवला.

धाकट्यानं टाच सोडली नाही. “बाबा, पुढच्या वर्षी दोनशे नाही. पन्नास. वर एक पाऊल नाही. आणि निघायच्या आधी मी तपासणार.”

“पन्नास?” थोरला म्हणाला. “मग मीही येतो बरोबर. तूही ये. सायकल आहे का तुझ्याकडे?”

“घेईन की.”

बाबांनी डोळे उघडले आणि ताईकडे पाहिलं. “पण अंतर कमी करणं माझ्या हातात आहे का? संयोजकांना विचारावं लागेल.”

“मी विचारते,” ताई म्हणाली. “ऐकतील ते.”

शर्यत कायमची बंद केल्याचं संयोजकांचं पत्र तीन वर्षांपूर्वी आलं होतं, आणि बाबांना चष्मा सापडेना म्हणून ते ताईनंच त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं होतं.