कोरा स्विमसूट

कॅरिबियन बेटावरच्या सुट्टीचे नुसतेच बेत चालले होते, तिकिटंही काढलेली नव्हती. नवरा कॉम्प्युटरवर हॉटेलं बघत होता. “खोली समुद्रासमोरचीच घेऊ,” तो म्हणाला. “तुझं घोरणं लाटांत खपून जाईल.” मी हसत पहिलीतल्या लेकीसाठी आणलेला स्विमसूट पिशवीतून काढला. किमतीचं लेबलसुद्धा तसंच होतं, पण स्विमसूट चिंब ओला होता. काहीतरी सांडलं असेल म्हणून बेसिनमध्ये पिळला, तर पाण्याबरोबर वाळू पडली. बोट जिभेला लावलं. खारट लागलं. स्विमसूट तसाच बेसिनमध्ये टाकला. बाहेर येऊन मी म्हटलं, “बेट नको. यंदा डोंगरात जाऊ.” नवरा वैतागला. “आता मध्येच काय झालं? पोरगी महिनाभर नाचतेय.” तेवढ्यात लेक दारात येऊन उभी राहिली. कपाळाला चिकटलेल्या केसांतून पाणी ठिबकत होतं. “पण आई,” तिने विचारलं, “मग मला तिथून न्यायला कोण येणार?”