आधी उंबऱ्यापर्यंत
नातीच्या डाव्या नडगीच्या हाडाला चीर गेलेली आणि तिचा कोच शर्यतीच्या सकाळी हातात इंजेक्शन घेऊन दारात उभा. "आजी, अठराव्या वर्षी मोठ्यांच्या मॅरेथॉनला निवडलेली ही एकटीच. सुई टोचली की दुखणं कळणारच नाही." "कळणार नाही म्हणूनच पाय मोडून घेईल, शहाण्या!" म्हणत मी शिवणाची कात्री उचलली आणि तिच्या बुटांच्या नाड्या कचाकच कापून दार अडवून उभी राहिले. तो हसला. खाली वाकून त्याने स्वतःच्या बुटांच्या नाड्या काढल्या आणि तिच्यापुढे टाकल्या. कार्टीने त्या ओवल्यासुद्धा! "पाय माझा आहे, आजी. दारातून सरक." मला सरक म्हणणारं या घरात अजून जन्मायचं होतं. तरी सरकले. "जा. बेचाळीस किलोमीटरचं नंतर बघू, आधी सुईशिवाय या उंबऱ्यापर्यंत पळत ये." ती उठली, दोन पावलांत कोसळली, आणि हातातलं इंजेक्शन टाकून पहिला तोच धावला.