माउलीचा मुक्काम

मरियामाउलीची मूर्ती आज घरी राहिली की उद्या लेकाचा कॅनडाचा व्हिसा पक्का, असा फिलूमावशींचा हिशेब होता. ऑक्टोबरात, जपमाळेच्या महिन्यात, मूर्ती आळीत एकेक रात्र घरोघरी मुक्काम करते. आज नंबर मावशींचा होता.

तेवढ्यात कळलं, शेजारची सेलिन उद्याच्या ऑपरेशनला घाबरून नको म्हणतेय. मावशींनी मूर्ती उचलून थेट तिच्या घरी नेली.

"मावशी, नंबर तुमचा ना?"

"भ्यालीस तू का मी? टेक गुडघे!"

जपमाळ म्हणायला आळीही जमली. सुरुवातीला सेलिनचा आवाज कापत होता. शेवटी तीच पुढे म्हणत होती, आळी मागून. सकाळी ती आपणहून रिक्षात बसली.

सेलिन बरी झाली. व्हिसा नाकारला गेला. भुर्दंड लेकाला पडला, असं आळी म्हणते. त्याला गरम भाकरी वाढताना मावशींचं मात्र काही गेलंय असं दिसत नाही.