एरोवाल्या

उजाडायच्या आधीच विजेची लाइन गेली आणि पाण्यात हवा मिसळणाऱ्या एरेटरचं चाक थबकलं. गोपिका बांधावर धावत आली, तेव्हा वाडीच्या गोदामांमागचं ते तळं बारीक वर्तुळांनी भरून गेलं होतं. पाऊस नव्हता. बोटाएवढ्या बोटुकल्या, मासोळीची पिलं, तोंडं वर काढून हवेचे घोट घेत होत्या.

तिच्या मागोमाग सासू आल्या. सिंधूताईंच्या काखेत नात मिनल होती, अर्धवट झोपेतली.

"लाइन कधी येते वं?"

"कोणी फोनच उचलून नाही राहिले, आई."

तळं मच्छीमार सोसायटीचं. पुरुषांनी ते एका हंगामापुरतं बायकांच्या गटाला दिलं होतं, तेही हसत हसत. पिलं मेली की तळं परत, असं सोसायटीच्या गोविंदाकाकांनी चारचौघांत बजावलं होतं. गटातून प्रशिक्षणाला गोपिका गेली, तान्ही लेक मांडीवर घेऊन, आणि येताना शब्द घेऊन आली. एरेटर. एरेशन. एरोबिक. भाकरी थापतानाही तोंडात तेच. एरो म्हणजे हवा, दूरच्या ग्रीक लोकांचा शब्द. "मंग आभाळातल्या इमानातला एरो अन् मासोळीतला एरो एकच हाय का?" सिंधूताईंनी विचारलं होतं. एकच, म्हटल्यावर त्या पदर तोंडाला लावून हसल्या. तेव्हापासून सुनेचं नाव पडलं, एरोवाली.

आता कोणी हसत नव्हतं. काठाशी ढेपेचा, मासोळीला घालायच्या पेंडीचा, ओला लगदा साचला होता.

"काल ढेप कोणं टाकली?"

सिंधूताईंनी नातीला उगाच थोपटलं. "दिवसभर मळभ होतं. लेकरं सारखी वर येऊन राह्यली होती. मले वाटलं, भुकेली हायत."

भूक नव्हे, आई, श्वास. आणि सडती ढेप उरलीसुरली हवाही खाते. ओठांपर्यंत आलेलं गोपिकानं तिथंच गिळलं. पदर कमरेला खोचला.

"पोट्टीले झोळीत टाका, आई. अन् शोभाताईले हाक मारा. सगळ्याइले बोलवा."

"तू पाण्यात उतरतं?"

जाळं बाप्याचं, टोपली बाईची, अशी वस्तीची रीत. मासोळी विकताना बायकांचे हात कोपरापर्यंत ओले होत, पण पाय कधी भिजले नव्हते.

"मशीन नाही तर हात हायत. पाणी फोडलं का हवा आत जाते."

गटाच्या अध्यक्ष शोभाताई घमेलं घेऊन आल्या, बाकीच्या बांबू घेऊन. एकीनं तर पोळपाटच आणला. कमरेइतक्या पाण्यात उभी राहून जी ती मन मानेल तसं पाणी बडवू लागली. थोड्याच वेळात दम लागला, दोघींचे बांबू एकमेकींवर आदळले, शिवीही निघाली. तेव्हा गोपिकानं बांबू उंच धरला आणि ओरडली, "ए…"

"रो!" शोभाताईंनी घमेलं आपटलं.

"ए…"

"रो!" सगळ्यांनी एकदम पाणी फोडलं. तुषार गळ्यापर्यंत उडाले.

बांधावर बाभळीला बांधलेली झोळी हलवत सिंधूताई बघत होत्या. मग झोळीची दोरी त्यांनी शोभाताईंच्या लेकीच्या हाती दिली, लुगडं सावरलं आणि सरळ पाण्यात शिरल्या. त्यांच्याजवळ बांबू नव्हता. दोन्ही तळव्यांनीच त्या पाणी मारत राहिल्या. "घे बाई, घे," असं पिलांना म्हणत.

ऊन वर आलं तशी वर्तुळं विरळ झाली. गोविंदाकाका दोन माणसं घेऊन आले. मेलेली पिलं गोळा करायला खांद्यावर जाळं होतं. बांधावर येताच त्यांचे पाय थबकले.

"वयनी! तुमी पाण्यात?"

"मंग का इमानात?" सिंधूताई म्हणाल्या.

बायकांना हसू आवरेना. काकांनी तळ्यावर नजर फिरवली. एका कोपऱ्यात ओंजळभर पांढरी पोटं तरंगत होती. बाकी पाणी रिकामं.

"बाकीची कुठं गेली?"

"खाली. श्वास घेऊन राह्यली," शोभाताई म्हणाल्या.

काकांना काठाचा लगदा दिसला. "एवढी ढेप कोणं टाकली?"

सिंधूताईंचे तळवे पाण्यावरच थांबले.

"आम्ही टाकली, काका," गोपिका म्हणाली. "अन् आम्हीच हवा देऊन राह्यलो."

काकांनी खांद्यावरचं जाळं बांधावर ठेवलं. "अजून लागन का हवा?" त्यांनी विचारलं. वहिनींना नाही, सुनेला.

"ऊन तापेपर्यंत लागन. मंग पाण्यातलं शेवाळच हवा देते."

काकांनी पायजमा गुडघ्यावर गुंडाळला, एक बांबू उचलला आणि पाण्यात उतरून तो दाणकन आपटला.

"असं नाही, गोविंदा," रांगेत त्यांना जागा करून देत सिंधूताई म्हणाल्या. "आधी 'ए' म्हणा लागते."