तेवीस कार्डं

१९६८ साली धुळ्याच्या एका कॉलेजात मानसशास्त्राचा विभागप्रमुख नेमायचा होता. उमेदवार दोघे. दोघांचेही स्मरणशक्तीवरचे लेख परदेशी नियतकालिकांत छापून आलेले. तेव्हा कोणाच्या लेखाची जगाने जास्त दखल घेतली, एवढंच पाहायचं असं प्राचार्यांनी ठरवलं.

अभयकुमार लोढांनी टेबलावर परदेशी शिक्क्यांची तेवीस पोस्टकार्डं मांडली. प्रत्येकावर एकच विनंती होती: आपल्या लेखाची छापील प्रत कृपया पाठवावी.

कुसुमलताबाईंनी एकच पत्र पुढे केलं. नऊ पानांचं.

"काय म्हणतात हे गृहस्थ?"

"माझा प्रयोग त्यांनी स्वतः करून पाहिला, सर. निष्कर्ष पटला नाही, म्हणून कारणं कळवली आहेत."

"म्हणजे गिऱ्हाईक एकच, आणि तेही भांडतंय," प्राचार्य हसले. "पारोळ्याच्या बाजारात असा माल परत घ्यावा लागतो, बाई. हे आपण वजा एक धरू."

त्यांनी लोढांच्या नेमणुकीवर सही केली आणि कौतुकाने कार्डं चाळू लागले. चाळता चाळता त्यांचा हात थांबला.

"लोढा, यात तीच तीच नावं दिसतात."

"तिघंच आहेत, सर."

"मग कार्डं तेवीस कशी?"

"मी अजून कोणाला प्रत पाठवलेली नाही. एकदा वाचायला मिळाली, की लिहायचे थांबतील."

प्राचार्यांनी समाधानाने मान हलवली आणि सहीवर टिपकागद दाबला.