वळवलेली थंडी

पहाटे द्वारकाबाईंनी सवयीनं द्राक्षबागेत लाकडं रचली, तशी सून हसली. "आत्या, शेकोटी कशाला? यंदाची थंडी वळवलीय ना!"

खरंच की! ध्रुवाभोवती गरगरणारा वारा यंदा सैल पडला आणि तिकडच्या थंडीचा लोंढा थेट निफाडवर उतरायला निघाला. आभाळातल्या यंत्रांनी वाऱ्याला बाक दिला, तेव्हा कुठे तो मागे फिरला. पण थंडी काही विरून जात नाही, कुणाला तरी ती सोसावीच लागते. सायबेरियातल्या एका गावानं "आम्हाला सवय आहे" म्हणत ती आपल्या अंगावर घेतली होती.

त्याच गावची सार्दाना आत्ता सुनेच्या फोनवर दिसत होती. तिच्या पापण्यांवर बर्फ साचला होता. तिचं बोलणं फोन मराठीत सांगत होता, "द्राक्षांचे मणी थंडीनं तडकले नाहीत ना, बाई?"

"एकही नाही गं, माझे आई!" द्वारकाबाई म्हणाल्या.

मग त्यांनी काडी ओढली. जाळ चांगला धरल्यावर सुनेच्या हातातून फोन घेतला आणि शेकोटीसमोर धरला.

"ये, शेक."

सार्दानानं हातमोजे काढले आणि दोन्ही तळवे पुढे केले.